मांडी घालण्यापुरती जागा

भिवाअण्णांना कुठलाही नकाशा दाखवा, ते आधी त्यात स्वतःला बसायला जागा शोधतात. दुकानं, जिने, पार्किंग सगळं ओलांडत त्यांचं बोट कागदावर फिरतं आणि मग थांबून विचारतात, "म्याडम, बसायचं कुठं?"

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात हा प्रश्न इतक्या वेळा आला की माझा ड्राफ्ट्समन त्यांना पाहताच खुर्ची पुढे करायचा. अण्णा खुर्चीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

अण्णांचं घराणं मेंढपाळांचं. दौलताबाद रस्त्याला त्यांचा माळ होता. शहर वाढत वाढत तिथवर पोचलं आणि माळाला भाव आला. अण्णा आणि त्यांचा मुलगा महेश यांनी तिथे उघड्यावरचं शॉपिंग सेंटर काढायचं ठरवलं. मध्ये मोकळं अंगण, भोवती दुकानं. महेशला हव्या होत्या काचा, कारंजं आणि सेल्फीसाठी रंगीत पंख. अण्णांना हवे होते ओटे.

कागदावर त्यांचा विश्वास नाही. माझा अख्खा नकाशा त्यांनी माळावर पांढऱ्या फक्कीने आखून घेतला, खऱ्या मापात, आणि भर दुपारी मला गिऱ्हाईक बनवून त्यातून फिरवलं. दारातून शिरले नाही म्हणून परत पाठवलं. एका दुकानातून सरळ दुसऱ्यात गेले, तर म्हणाले, भिंतीतून कशा चालल्या? दुसऱ्या दिवशी कुणाची तरी मेंढरं अर्धं सेंटर पुसून गेली. मी डोक्याला हात लावला. अण्णांनी मेंढरं कुठे थबकली होती ते बघून घेतलं आणि एक ओटा तिकडे सरकवला.

मी स्टीलचे नाजूक बाक सुचवले होते. अण्णा नमुन्याच्या बाकावर टेकले आणि टुणकन उठले. मे महिना होता, चटका खराच बसला. मग दगडी ओटे बांधले, तेही पुन्हा बांधायला लावले. नुसतं टेकायला नको, मांडी घालून बसता आलं पाहिजे, असा हट्ट. खरेदीला आलेली माणसं मांडी घालून बसत नाहीत, असं मी परोपरीने समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गवंड्याला ओटा आणखी रुंद करायला सांगितलं.

मग कपड्यांची एक मोठी शोरूम आली. सगळी दर्शनी बाजू घ्यायला तयार. अट एकच, समोरचा ओटा काढा, बसलेल्या माणसांमुळे आमची काच झाकली जाईल. महेश हरखला. ती शोरूम आली की बाकीची दुकानं आपोआप भरली असती. अण्णा नाही म्हणाले. महेशने बापाशी अबोला धरला आणि समजूत घालायला मला पाठवलं.

अण्णा त्याच ओट्यावर बसले होते. ओटा दुसरीकडे बांधून देते, असं मी म्हटलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"महेशची माय शहरात येत नाय, ठावं हाय का तुम्हाला? तिकडं गंगापूरकडं मेंढरं राखत एकलीच ऱ्हाती. मागं महेशनं तिला मॉल दाखवाया आणलं. गुडघं धरलं म्हणून पायरीवर बसली, तर वाचमननं उठवलं. मला म्हणली, बसू देत नाईत तिथं मी नाय यायची. तवापासून मी हितं, ती तिथं."

त्यांनी ओट्यावरची धूळ हाताने झाडली. "दुपारची सावली हितंच पडती. दुसरीकडं नाय पडत."



शोरूम गेली. उद्घाटनाच्या दिवशी तिच्या रिकाम्या जागेच्या काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. महेश पाहुण्यांना हार घालत होता आणि बापाला टाळत होता. दुपारी जीपमधून महेशची आई, कौसाबाई, उतरल्या. दोन दुकानं बघितली, एका साडीची किंमत ऐकून नाक मुरडलं आणि ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. आधी इकडेतिकडे पाहिलं. मग चपला काढल्या, वर चढून मांडी घातली आणि पदर सावरून दगडावर हात फिरवला.

महेश काहीतरी विचारायला मला शोधत आला होता. आईला बघून तो थांबला, बूट काढले आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसला. कौसाबाईंनी मलाही हाताला धरून बसवलं.

अण्णा मात्र समोर उभेच होते. मी सरकून जागा केली. "अण्णा, बसा ना."

"बसतो," ते म्हणाले. "जरा बघू द्या."