दस्तीखालचा हजार

मे महिन्याची पाच तारीख. लातुरातल्या एका प्लॉटचे बारा हजार. हजर: घेणारा मी, माझी पत्नी, विकणाऱ्या जळकोटच्या विधवा भागीरथीबाई, त्यांचा दीर आणि दलाल शिवप्पा. यांपैकी कुणीही बारा हजार हा आकडा तोंडाने उच्चारलाच नव्हता.

शिवप्पा मूळचे बैलांचे दलाल. दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या, तेवढ्यात लातूर जिल्हा झाला आणि अप्पा प्लॉटकडे वळले. बाजारातली दस्ती मात्र खांद्यावरून उतरली नाही. भाव ठरवायचा तो त्या रुमालाखाली, बोटं दाबून. “हवेला बी कान असतेत,” म्हणायचे. हॉटेलात चहा किती कप, हेसुद्धा पोऱ्याला दस्तीखालीच कळायचं.

दलाली घ्यायचे दोन्हीकडून, दोन-दोन टक्के. मी एकदा सरळ विचारलं, “अप्पा, तुम्ही नेमके कुणाचे?”

“दस्तीच्या दोन्ही टोकांचा.”

हे उत्तर झालं? एकाच माणसाने विकणाऱ्याला भाव चढवून द्यायचा आणि घेणाऱ्याला उतरवून?

परक्या पुरुषाच्या दस्तीत बाई हात घालत नाही, म्हणून भागीरथीबाईंच्या वतीने दिराने बोटं दिली होती. माझी बोटं बाराला दाबली गेली; दिराची कितीला, ते दस्तीलाच ठाऊक. कचेरीत खरेदीखत वाचलं, तर अकरा! बाईंनी अंगठा उठवला, अकरा हजार दिराने खिशात घातले. अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, “वरचा हजार माझ्या हाती द्या.”

माझं डोकं फिरलं. अकरा हजारांवर दोन टक्के दोनशे वीस होतात. हजार कसले? देणार नाही, म्हणून सांगितलं.

स्टँडवर दीर तंबाखू आणायला गेला, तसे अप्पा जवळ आले. “माझे न्हाईत हो, बाईचे हायेत. दिराकडं गेलेले काय वापस येत न्हाईत.”

“मग आधी सांगायचं!”

“तुम्ही खरं बोलणारे. त्याच्यासमोर बोलून टाकलं असतं.”

पत्नीने हजार रुपये बाईंच्या पदरात बांधले. मला ही रीत आजही मान्य नाही.

बाई आणि दिराला घेऊन जळकोटची एस.टी. गेली. अप्पांनी सवयीने दस्ती पुढे केली. व्यवहार तर संपला होता. तरी मी हात घातला. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून बसले, बराच वेळ.

दिराला अकरा हजार, बाईंना एक हजार, अप्पांना माझ्याकडून दोनशे वीस. पावती मिळाली नाही.