किसनभाऊंची चिमूट

घर दाखवायला नेऊन 'घेऊ नका' म्हणणारा दलाल मी एकच पाहिला: दिग्रसचे किसनभाऊ. हंगामात ते कापसाची दलाली करत, बाकीचे महिने घरांची. त्यामुळे घराची पारखही कापसासारखीच. बाहेरच्या भिंतीची चिमूटभर माती काढायची, डोळे मिटून बोटांत चोळायची, फुंकर मारायची आणि मान हलवायची. "नाही जमत, बाबू. घर रडून राह्यलं."

मी पोस्टात कारकून. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि दिवाळीपर्यंत मला खोली रिकामी करून द्यायची होती. कामं कागदावर मांडून करायची माझी सवय. काय हवं तेही किसनभाऊंना लिहून दिलं: दोन खोल्या, धड कौलं, गोड्या पाण्याची विहीर, मुलीची शाळा जवळ, आणि बुद्धाची तसबीर लावायला एक कोरडी भिंत. दीक्षा घेतल्यावर नागपूरहून आणलेली ती तसबीर आमच्या खोलीतल्या ओलीमुळे अजून पेटीतच होती.

कागद किसनभाऊंनी टोपीत खोचला आणि दर रविवारी मला निराश करायला सुरुवात केली.

एका घराला म्हणाले, "कौलाइतून चांदणं पडते. दिव्याचं तेल वाचंल, पण पोरगी अभ्यास करंल का चांदण्या मोजंल?" दुसऱ्या घरात ढेकूण, तिसऱ्याला शेजारीण भांडकुदळ. आत पाऊल म्हणून टाकू देत नसत.

"भाऊ, निदान आतून तर पाहू."

"कायले? कापसाची गासडी फोडून पाहा लागते का? चिमटीतच समजते."

"तुमचा दलाल घरं विकते का गिऱ्हाइकं हाकलते?" बायको विचारायची. दसरा उलटला तरी घर ठरलं नव्हतं.

मग जिनिंग फॅक्टरीच्या मागचं एक घर मला मनापासून आवडलं. किसनभाऊ म्हणाले, "पाणी खारं, बाबू. डाळ शिजणार नाही."

चाखल्याशिवाय मी कशावर काट मारत नाही. सोमवारी पोस्ट सुटल्यावर तांब्या घेऊन एकटाच गेलो. मालक ओट्यावर पान लावत बसले होते. मी विहिरीकडे वळलो तसे उठले.

"थांबा, बाबू. दोराले हात नका लावू. तुमच्या किसनले मी शनवारीच सांगतलं, तुमच्या लोकाइले घर द्याचं नाही म्हणून. बोलला नाही का तो?"

"बोलले," मी म्हणालो.

रिकामा तांब्या घेऊन परतताना एकेक घर आठवत गेलं. चांदणं, ढेकूण, शेजारीण. शनिवारी हा माणूस माझ्यासाठी दारोदार नकार ऐकत होता आणि रविवारी तोच नकार भिंतीच्या माथी मारत होता. सरळ सांगून मोकळा झाला असता, तर मला रविवारची वाट पाहायला काही उरलं नसतं.

पुढच्या रविवारी ते आले. पुन्हा एका बंद दारासमोर उभे राहिलो. त्यांनी चिमूट काढली, डोळे मिटले.

मीच म्हणालो, "भाऊ, इथलंही पाणी खारंच असंल."

चोळणारी बोटं थांबली.

"हो, बाबू," ते म्हणाले. "लई खारं."

त्या दिवशी त्यांनी फुंकर मारली नाही. माती मुठीत धरूनच ते माझ्याबरोबर चालू लागले.