आप्पाराव सापडत नाहीत

लपंडावात आप्पारावांना आजवर कुणी शोधून काढलेलं नव्हतं. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि त्यांना खोटं पाडतील असे जुने गडी आता गावात फारसे उरले नव्हते.

त्या रविवारी दुपारी जेवून उठले तर घर गप्पगार. मुलगा जीवन फोनमध्ये, सून फोनमध्ये, आणि नात अर्पिता आईच्या खांद्यावरून त्याच फोनमध्ये. आप्पारावांचं डोकंच फिरलं.

"घर हाय का बसस्टँड हे? चला, लपंडाव खेळूत. मला हुडकलं तर मी पुन्हा फोनपायी कुणाला बोलणार न्हाई. न्हाई हुडकलं, तर रोज सांजच्याला फोन डब्यात अन् समदे अंगणात. अन् ध्यानात ठेवा, 'हारलो' म्हणल्याबिगर मी बाहेर यायचो न्हाई."

"बाबा, तुमचे गुडघे…" जीवन म्हणाला.

"लपायचंय रे, पळायचं न्हाई."

अर्पितानं भिंतीकडं तोंड केलं आणि आप्पाराव गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत शिरले. दोन पेंढ्या पुढं ओढून घेतल्या. जागा अशी की दारच्या म्हशीलाही पत्ता लागू नये.

घरच्यांनी माळा पाहिला, बाजेखाली पाहिलं, न्हाणीत पाहिलं. इकडं गंजीत आप्पारावांना घाम फुटला, पाठीला कडबा टोचू लागला, घसा कोरडा पडला. त्यातच डुलकी लागली. जाग आली तर उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या. कुणीतरी विसरलं असणार, असं म्हणत त्यांनी तो घटाघटा रिकामा केला. देवही आपल्याच बाजूनं आहे, याबद्दल आता त्यांना शंका उरली नाही.

ऊन कललं तसा जीवनचा धीर सुटला. "आईला कळू देऊ नको, घाबरंल," असं बायकोला बजावून त्यानं शेजारच्या दत्तरावांना हाक मारली. दत्तरावांनी गल्ली गोळा केली. एकानं विहिरीत डोकावून पाहिलं. दुसरा शपथेवर सांगू लागला की आप्पाराव रुसून गंगाखेडच्या बसमध्ये बसले, पिशवीसुद्धा होती हातात. शेवटी मारुतीच्या देवळातला भोंगा घरघरला.

"आप्पाराव, जिथं असाल तिथून घरी या. कुणी काय बोलणार न्हाई."

गंजीत आप्पारावांची छाती फुगली. एका म्हाताऱ्याला हुडकायला भोंगा लावायलेत लेकाचे! ते आणखी आत सरकले.

भोंगा ऐकून त्यांच्या मंडळी, तानुबाई, पिठाच्या हातानंच चुलीपासून उठून बाहेर आल्या. जीवननं रडवेल्या तोंडानं सगळं सांगितलं.

"अरं, पण 'हारलो' म्हणलात का त्यांना?"

नेमकं तेवढंच राहिलं होतं.

अर्पिता देवळाकडं पळाली. भोंग्यातून तिचा बारीक आवाज आला, "आजोबा, आमी हारलो." मागून दत्तरावांचा जाडा आवाज, "समदं गाव हारलं बाबा, या आता."

मग आप्पाराव आले. टोपीत कडबा, मिशीत कडबा, पण चाल फडात कुस्ती मारून आलेल्या पैलवानाची. जीवननं त्यांना मिठीच मारली. फोन निमूटपणे डब्यात पडले. नात डोळे मोठे करून आपल्याकडं बघते आहे, हे पाहून आप्पारावांना स्वतःचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. कडब्याची धूळ गेली, असं त्यांनी सांगितलं.

माणसं पांगल्यावर तानुबाई जवळ आल्या आणि हळूच हात पुढं केला.

"माझा तांब्या?"

आप्पारावांनी गंजीकडं बोट दाखवलं. "तुला कवा कळलं?"

"दुपारीच. म्हशीला वैरण काढायला आले तर तुमी घोरत व्हतात. म्हनलं, जिंकू द्यावं."

आता त्यांच्या अंगणात रोज संध्याकाळी लपंडाव रंगतो. राज्य मात्र कायम आप्पाराव आपल्यावर घेतात. कधीही न सापडलेल्या माणसानं नव्या पोरांना संधी दिली पाहिजे, असं ते सांगतात, आणि सांगताना तानुबाईंकडं बघत नाहीत.