तोफखान्याचे सुभानजीराव आणि दर्याबाईंचें लाटणें, यांची बखर

श्रीमोरयास नमन, कुलदेवतेस नमन, आणि पुढें बसून ऐकणारांस आदरें रामराम. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं एका राज्यांत वर्तमान घडलें तें येणेंप्रमाणें. राज्याचें नांव कोणी विचारूं नये. गड होता, महाराज होते, आणि महाराजांचे तोफखान्यावर सुभानजीराव म्हणून दरोगे होते, इतकें पुरे. सुभानजीराव मोठा कामाचा मनुष्य. बत्ती द्यावयाचे आधीं स्वतः जमिनीवर पालथे पडून उतार पाहात, आणि गोळा सांगितले बुरुजासच लागत असे. त्यांस एके दिवशीं जेवतां जेवतां पक्षघात जाहला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा बंद पडली. वैद्यराज आले, मात्रा दिली आणि बोलिले, "जीवास भय नाहीं. परंतु रोग्यास इच्छा पाहिजे, ती माझे बटव्यांत नाहीं." मग रावांनीं भिंतीकडे तोंड केलें तें केलेंच. पेज भरविली तर गिळावी, कूस बदलली तर बदलूं द्यावी, आणि कोणाकडे पाहूं नये. लेकी येऊन रडून गेल्या, सोयरे येऊन बसून गेले, राव वळले नाहींत.

त्यांचें कुटुंब दर्याबाई. त्या उशाशीं बसून राहिल्या आणि बसून बसून त्यांचें मन आंबून गेलें. बाळपणीं माहेरीं बाई आणि त्यांच्या बहिणी माजघरांत एक खेळ मांडीत: पाट उतरता लावावा, एका वस्तूनें दुसरीस ढकलावें, दुसरीनें तिसरीस, आणि शेवटीं निजलेल्या आत्याबाईंचे अंगावर तांब्या उलटावा. सरदाराघरीं आल्यावर तो खेळ सुटला. आतां दालनीं पाहणारें कोणी नव्हतें, आणि एकच माणूस होतें तें भिंतीकडे पाहात होतें. मग बाईंनीं खेळ मांडिला; आणि खरें सांगावें तर तो रावांसाठीं नव्हे, आपले जिवास विरंगुळा म्हणून मांडिला. पाटावरून लाकडी चेंडू सोडावा, त्यानें सारीपाटाच्या सोंगट्यांची रांग पाडावी, शेवटली सोंगटी तराजूचे पारड्यांत पडावी, दुसरें पारडें वर जावें आणि त्याचे दोरीनें खुंटी निघावी, खुंटीआड अडविलेलें लाटणें सुटून लांब फळीवरून घरंगळत जावें, उभें टेकविलेलें मुसळ पाडावें, आणि मुसळाचे दोरीनें देवघरांतील घंटा वाजावी. ऐसी योजना केली आणि सामान जमविलें. स्वयंपाकीण चिमाबाई दारीं येऊन म्हणाली, "बाईसाहेब, लाटणें नेलेंत, आतां पोळ्या कशानें लाटूं?" बाई म्हणाल्या, "भाकरी थाप."

चेंडू सुटला, सोंगट्या पडल्या, पारडें उचललें, लाटणें निघालें आणि फळीवरून आडवें सरून खालीं पडलें तें रावांचे पलंगाचे पायावर खाडकन आपटलें. राव दचकले आणि त्यांनीं मान वळविली. बाईंनीं पाहिलें, परंतु पाहिलें ऐसें दाखविलें नाहीं. पुन्हा मांडिलें, पुन्हा लाटणें आडवें गेलें. फळीवर ओलें फडकें घातलें, लाटण्यास राख चोळिली, तरी तेंच. ऐसे कित्येक दिवस चाललें आणि राव भिंत सोडून फळीकडे पाहूं लागले. लाटणें घसरलें म्हणजे कपाळास आठी घालावी, डावे हातानें पलंगाची कड आपटावी. एके दिवशीं बाईंनीं फळी उचलून पुन्हा तैसीच ठेविली, तों मागून शब्द आला, "डावें."

बाईंचे हातची सोंगटी गळाली. ओरडून घर गोळा करावें ऐसें मनांत आलें. मग विचार केला कीं घर गोळा जाहलें, रडारड जाहली, तर हा मनुष्य पुन्हा भिंतीकडे वळेल. सबब आवाज साधा ठेवून मागें न पाहतां विचारिलें, "डावें म्हणजे माझें कीं तुमचें?"

"माझें," राव बोलिले. मग घटकाभर ओठ हालवून शब्द जुळविला, "पाचर."

बाईंनीं त्या अंगास लाकडाची पाचर सारली. लाटणें नीट गेलें, मुसळास लागलें, आणि मुसळ भलतीकडे पडून लोणच्याची बरणी फुटली. दालनभर तेल जाहलें, आणि राव अर्धे तोंडानें हंसले. बाई कोनाड्याकडे वळून डोळे पुसूं लागल्या. राव म्हणाले, "आधीं तेल पूस."

दुसरे दिवसापासून राव खालीं घोंगडीवर बसूं लागले. इकडे मोहीम समीप आली, आणि तोफखान्यास धनी कोण, हा प्रश्न दरबारीं पडला. महाराज म्हणाले, "आम्ही स्वतः पाहूं," आणि खासा स्वारी घराकडे निघाली. बातमी येतांच दर्याबाई घाबरल्या. तोफांचा दरोगा सोंगट्या मांडून बसला ऐसें दिसलें तर दरबार हंसेल, आणि त्या हंसण्यानें हा पुन्हा खचेल. म्हणून त्या घाईनें सामान उचलूं लागल्या, तों रावांनीं त्यांचें मनगट धरिलें आणि म्हणाले, "राहूं दे. सोडला मी." पाहतात तों चेंडू सुटला होता. सोंगट्या पडत गेल्या, पारडें उचललें, लाटणें निघालें, आणि त्याच समयीं महाराज उंबरा ओलांडून नेमके फळीचे शेवटास पाऊल ठेविते जाहले.

"महाराज, पाय!" राव गरजले.

आजवर महाराजांस ऐसें कोणी बोलिलें नव्हतें. महाराजांनीं मुकाट पाय उचलिला, लाटणें खालून गेलें, मुसळ पडलें आणि घंटा वाजली. दर्याबाईंनीं पदर तोंडास लाविला. महाराजांनीं विचारिलें, "सुभानजीराव, हें काय?"

"तोफखाना," राव बोलिले.

महाराज मोठ्यानें हंसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "मोहिमेस येतां?" दरबाराचे हंसण्याहूनही दर्याबाई ज्या प्रश्नास अधिक भीत होत्या तो हाच. रावांनीं डावे हातानें उजवा हात उचलून मांडीवर ठेविला, त्याकडे पाहिलें आणि सावकाश बोलिले, "नाहीं. जागा दुसऱ्यास द्यावी." बाईंनीं त्यांचें तोंड निरखिलें, तेथें कडवटपणा नव्हता. मग राव म्हणाले, "महाराज, बसावें. सोंगट्या लावावयास हात कमी आहे." आणि महाराज तरवार सोडून खालीं बसले, आणि सोंगट्या लावूं लागले, आणि अर्ध्या रांगेंत त्यांचा अंगरखा लागून सगळी रांग पडली. राव म्हणाले, "घाई नको."

एवंच, तोफखाना दुसऱ्यास जाहला. रावांचा उजवा हात अखेरपर्यंत उठला नाहीं, आणि बोलणें आलें तें अडखळतच आलें. पुढें बहुत वर्षें नवराबायको त्या दालनीं पाट आणि फळ्या मांडीत असत, आणि कोणती बाजू किती उचलावी यावरून रोज भांडत असत. परंतु त्या घरांत अबोला म्हणून पुन्हा जाहला नाहीं. ऐकिलें तैसें लिहिलें.