केरबानं पारखलेला कन्व्हर्टर

लालासाहेबांनी गाडीचा कन्व्हर्टर स्वतः जाऊन निवडायचं ठरवलं, तेव्हाच खरं तर त्यांना कोणीतरी खोलीत घालून बाहेरून कडी लावायला हवी होती. पण घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही (अंजनाबाई सोडून), त्यामुळे ते राहून गेलं.

आधी गाडीचं सांगतो. संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा कुठल्याशा राजेसाहेबांनी आपली अमेरिकन गाडी विकायला काढली. लालासाहेबांच्या हातात उसाचं बिल नुकतंच पडलं होतं. त्यांनी ती थेट कराडला आणून दारात उभी केली. लांबलचक, निळीशार, आणि तिला क्लच नाही! लोक आत वाकून तिसरं पेडल शोधायचे. ब्रेक सोडला की गाडी आपली आपण चालायला लागायची. हे कसं होतं ते लालासाहेबांनाही कधी कळलं नव्हतं, पण मालकानं असं बोलून दाखवायचं नसतं.

तर ही गाडी खंबाटकीच्या घाटात अडली. इंजिन बोंबलतंय आणि चाकं काही फिरत नाहीत! तेवढ्यात मागून मेहुणे दादासो जीप घेऊन आले आणि हॉर्न वाजवत शेजारून निघून गेले. मदतीला थांबले नाहीत, फक्त हात केला. तो हात लालासाहेबांच्या फार जिव्हारी लागला.

फौजेच्या वर्कशॉपमधून सुटून आलेल्या जोतीराम मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन निदान केलं. "कन्व्हर्टर गेला, मालक."

"म्हंजे काय गेलं?"

"आवं, इंजिन त्याल फिरवतं आन् त्याल चाकं फिरवतं. मधी दुसरं कायबी नसतं."

"कायबी नसतं, तर मग गेलं काय?"

जोतीरामनं पाना पिशवीत टाकला. "नवा आणा," तो म्हणाला.

अंजनाबाईंना तेलाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ अर्जुना याचं लग्न वाईला, त्यांच्या माहेरी, ठरलं होतं. "वरात आपल्याच गाडीतनं निघायची," त्या म्हणाल्या. "माह्यारी समद्यास्नी सांगून बसलेय मी. दादासोच्या जीपमधनं निघाली, तर त्याची बायकू जल्मभर टोमणं मारंल. तसं झालं तर मी वाईलाच ऱ्हाईन, सांगून ठिवते!"

लालासाहेब हादरले. बायकोशिवाय त्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नसे. ते लगोलग पुण्याला निघाले आणि सोबत घरच्या गड्याला, केरबाला घेतलं. केरबाला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण खरसुंडीच्या बाजारात तो बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवून त्याचा स्वभाव सांगायचा. पारखी माणूस बरोबर असावा, एवढाच लालासाहेबांचा हिशेब.

पुण्यातल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानदारानं दोन कन्व्हर्टर पुढं ठेवले. दोन्ही लोखंडी, दोन पराती एकमेकींवर पालथ्या घालून सांधल्यासारखे. एक मोठा, एक बुटका.

"गाडी वापरणार कशासाठी?" दुकानदारानं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. लालासाहेबांनी "वरातीला" एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं तो जीपमधला हात आला, आणि ते म्हणाले, "पळवायला!"

"मग नीट ऐका. हा मोठा तुमच्या मूळच्यासारखा. ब्रेक सोडला की गाडी हळूहळू चालायला लागेल. हा बुटका शर्यतीच्या गाडीचा. इंजिन चांगलं ओरडायला लागेपर्यंत हा चाकांना जोर देत नाही. पण एकदा धरलं की सुटलाच."

लालासाहेबांना यातलं 'सुटलाच' तेवढं समजलं. त्यांनी केरबाकडं पाहिलं. केरबा उकिडवा बसला, दोन्ही डब्यांवर थापा मारल्या, उचलून हलवून कानाला लावले आणि मान डोलावली.

"मालक, त्यो मोठा नगं. सांगितल्याबिगर चालाय लागतंय ते जनावर दावणीचं न्हवं. कवा कुनाच्या रानात शिरंल, नेम न्हाई. ह्यो बुटका लय खानदानी हाय. हाळी दिल्याबिगर पाय उचलायचा न्हाई आन् उचलला की कुनाच्या बापाला ऐकायचा न्हाई."

एवढं बोलून केरबानं बैलबाजारातल्या रिवाजाप्रमाणं खांद्यावरचा टॉवेल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. दुकानदार किंचाळला, "अहो, हे काय करताय?"

"भाव करतोय न्हवं का!"

"मग तोंडानं सांगा की!"

"तोंडानं? चारचौघांत?" केरबाला त्या माणसाची लाज वाटली.

बुटका कन्व्हर्टर कराडला आला. जोतीरामनं तो बसवला आणि लालासाहेबांनी मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला. काय सांगू! आधी नुसता आवाज, मग गाडी अशी उधळली की मागच्या सीटवरच्या केरबाचा पटका पार मागच्या काचेला जाऊन चिकटला. वाटेत दादासोंची जीप भेटली असती तर लालासाहेबांनी तिला दोनदा ओलांडलं असतं. ते आठवडाभर घरात शीळ घालत हिंडत होते.

लग्नादिवशी मात्र गाडीखाली तेल ठिबकायला लागलं. सकाळभर लालासाहेब जोतीरामबरोबर गाडीखालीच होते. नव्या सदऱ्याचं वाटोळं झालं, तेव्हा जोतीरामचा खाकी शर्ट चढवून ते तसेच वरातीला स्टिअरिंगमागं बसले. मागं अर्जुना, आटपाडीची नवरी आणि तिची पाठराखीण बयाबाई. पुढं बँड. शेजारून बायकांच्या घोळक्यात अंजनाबाई, नाक वर करून चाललेल्या.

वरात कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. बँडवाला चार पावलं चालतो, मग थांबून एक अख्खं गाणं वाजवतो. लालासाहेबांनी ब्रेक सोडला. गाडी हलेना. थोडा पाय दिला. इंजिन गुरगुरलं, गाडी हलेना. बँडवाला वळून बघायला लागला. आणखी पाय दिला. इंजिन असं बोंबललं की ताशा ऐकू येईना, तरी गाडी जागची हलेना.

"आता काय करावं?" असं म्हणत त्यांनी आणखी एक कणभर पाय दाबला.

गाडी सुटली! क्लॅरिनेटवाला पानपट्टीत शिरला. ढोलवाला ढोल टाकून एका ओट्यावर चढला. लालासाहेबांनी ब्रेक मारला, तशी नवऱ्याच्या मुंडावळ्या नवरीच्या गळ्यात गेल्या आणि बयाबाई दोन सीटांच्या मध्ये खाली बसल्या. बँड गोळा करून पुढं उभा केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बँडमास्तर म्हणाला, "आमी मागनं वाजवतो. आमास्नी बी बायकापोरं हायती."

एवढ्यात दादासो जीपची किल्ली बोटावर फिरवत आले. शेजारी त्यांची बायको, चेहऱ्यावर सणासारखा आनंद. "आक्का," दादासो गोड आवाजात म्हणाले, "जीप काढू का?"

अंजनाबाईंचा चेहरा पांढरा पडला. लालासाहेबांना वाटलं, आता ही वाईलाच राहणार! बाई खिडकीशी आल्या आणि दातांवर दात ठेवून नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "इंजिन बंद करा. गियर काढा. आन् पायाला जागचं हलवू नगा." मग वळून भावाला म्हणाल्या, "किल्ली ठेव खिशात, दादासो. मागनं हात लाव."

थोरल्या बहिणीचा हुकूम! दादासोंनी हात लावला. अर्जुनाच्या मित्रांनीही लावला. आणि गाडी निघाली, कशी निघाली! ना धूर, ना आवाज. बँड थांबला की थांबायची, बँड चालला की चालायची. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अशी वरात वाईत झाली न्हाई. अंजनाबाईंचं नाक पुन्हा वर गेलं. लालासाहेबांचा जीव भांड्यात पडला.

दारात वरात पोचली. बयाबाई उतरल्या आणि भोवतीच्या माहेरच्या सगळ्या बायकांदेखत अंजनाबाईंना म्हणाल्या, "गाडी लय गुणाची हाय गं तुजी. ह्यो डायवर कुटनं धरून आणलास? ह्याच्या पायाला झटकं येत्यात वाटतं."

लालासाहेब बायकोकडं बघत राहिले. अंजनाबाईंनी एकदा त्या खाकी शर्टाकडं पाहिलं, एकदा दादासोंच्या बायकोकडं पाहिलं आणि पदर सारखा केला.

"भाड्याचा हाय, मावशी," त्या म्हणाल्या. "उद्या काढूनच टाकते."

बयाबाईंना दया आली. त्यांनी ओटीतला नारळ काढून लालासाहेबांच्या हातावर ठेवला. "घे बाबा. गरिबाला हाकलून लावताना मोकळ्या हातानं लावू न्हाई. आन् आता एकांद्या बैलगाडीवर काम मिळतंय का बग."