हिशेबातल्या आत्याबाई

शाळेतला नाटकाचा तास बंद झाला आणि नाटकाच्या सरांना ऑफिसात फोनवर बसवण्यात आलं. काटकसरीच्या पहिल्या फेरीत ऑफिसातली माणसं गेली होती, दुसऱ्या फेरीत नाटक, गाणं आणि चित्रकला गेली. "मुलांचं त्यावाचून काही अडत नाही," असं वरच्या कचेरीतले साहेब म्हणाले, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मान खाली घालून सही केली.

सरांना खरं दुःख होतं ते आत्याचं. मुलांचं नाटक अर्धंच बसलं होतं. त्यातली आत्या कपड्यांची पेटी घेऊन दारात येते, "आत येऊ का, की इथूनच परत जाऊ?" असं विचारते, आणि नेमका तिथेच तास बंद झाला. तेव्हापासून आत्या आपली दारातच उभी होती. नाटकाच्या खोलीत मोडके बाक रचून ठेवले होते. सर मधल्या सुट्टीत जाऊन उगाच त्या खोलीची खिडकी उघडून यायचे. मुलं जिन्यात भेटली की विचारायची, "सर, आत्या आली का घरात?" सर म्हणायचे, "येईल रे," आणि पुन्हा फोनपाशी येऊन बसायचे.

पहिलाच फोन एका पालकांचा आला. "जरा हिशेबखात्यात द्या."

हिशेबखातं म्हणजे आता एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर कोणाची तरी विसरलेली छत्री. नाही म्हणणं सरांच्या जिवावर आलं. "देतो हं," म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि थेट आत्याच्या आवाजात म्हणाले, "हं, बोला. पण हळू, मला ऐकू येतं."

तिथून गाडी घसरली. हिशेबाला आत्याबाई आहेत म्हटल्यावर शाळेच्या गाड्यांना कोणी तरी हवंच, म्हणून सरांनी एक चिडके दादा नेमले. तक्रारींसाठी दमलेले काका आले. दादांचं आणि काकांचं पटत नसे, त्यामुळे दोघांची भांडणंही सरांनाच करावी लागत. मोठ्या बाईंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं, पण ऑफिस इतकं सुरळीत पूर्वी कधी चाललंच नव्हतं. त्यांनी कानाडोळा केला.

पंचाईत केली ती साहेबांनी. एकदा ते फोनवर शाळेतल्या पंख्यांची माहिती विचारत असताना आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "साहेब, आवाज का उतरलाय? जेवला नाहीत ना?" साहेबांना असं विचारणारं कचेरीत कोणी नव्हतं, आणि घरीही नव्हतं. पंखे संपले तेव्हा ते पाण्याच्या टाक्या विचारू लागले, टाक्या संपल्यावर कुलपं. आणि एके दिवशी सरळ शाळेतच येऊन उभे राहिले.

"आत्याबाई कुठे बसतात?"

"बघतो हं," म्हणत सर सामानाच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "साहेब, बाहेरच थांबा. मी कपाट आवरतेय. अशा अवतारात मी कुणापुढे येत नाही."

साहेब मुकाट्याने दारापाशी स्टूल ओढून बसले. मोठ्या बाई धावत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला म्हणून विचारतो, आत्याबाई," साहेब दाराला म्हणाले. "ऑफिसातला आणखी एक माणूस कमी करायचाय. चिडके दादा चालतील?"

"मग गाड्या कोण सोडणार?"

"दमलेले काका?"

"त्यांना काढलंत, तर त्यांची तक्रार घेणार कोण?"

"मग तो फोनवरचा माणूस? फोन उचलतो आणि दुसऱ्याला देतो. एवढंच तर करतो."

आत अंधारात सरांच्या पायाशी मुलांनी रंगवलेली आत्याची पुठ्ठ्याची पेटी होती. तिचा एक कोपरा चेपला होता. सर खाली वाकून तो सरळ करत राहिले.

"खरं सांगू?" आत्याबाई म्हणाल्या. "फोनवर तो कामाचा नाहीच. त्याचा सगळा जीव त्या नाटकाच्या खोलीत अडकलाय. तुम्ही म्हणता मुलांचं अडत नाही. मग समोरच्याच्या आवाजावरून तो जेवला नाहीये हे ओळखायचं, ते कुठल्या तासाला शिकवता सांगा बरं?"

साहेब स्टुलावरून उठून मोठ्या बाईंना म्हणाले, "त्याला ऑफिसातून काढा आणि त्याच्या खोलीत पाठवा. फोन आत्याबाई सांभाळतील. पण त्यांना मात्र कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बाक बाहेर गेले आणि मुलं आत आली. पेटी दारात ठेवली गेली. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की आत्याचं काम करणारी मुलगी एव्हाना दुसऱ्या गावी राहायला गेली आहे. सर पेटीकडे बघत बसले. इतक्या दिवसांनी खोली मिळाली होती, आणि आत्याच नव्हती.

तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत मोठ्या बाई आल्या. ऑफिस उघडंच टाकून आल्या होत्या. काखेत ती हिशेबखात्यातली छत्री होती.

"सर, साहेबांचा फोन आला. मीच आत्याबाई झाले. तर म्हणाले, तुम्हाला सर्दी झालीय, वाफ घ्या. संध्याकाळी परत फोन करणार आहेत. मला तो आवाज शिकवा हो. शाळेत असताना मला नाटकात फक्त पडदा ओढायला दिला होता." मग सगळी मुलं आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, तशा त्या पेटीपाशीच थबकल्या. आपण केलेली सही त्यांना आठवली असावी. "आत येऊ का," त्या हळूच म्हणाल्या, "की इथूनच परत जाऊ?"

खाली ऑफिसात फोन वाजत होता. तो कोणी उचलला नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली आणि इतके दिवस पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हणाली, "या आत्या. आम्ही केव्हाची वाट बघतोय."