गिरणीवाल्याचा परतीचा करार

आमचे अण्णा गोष्टीचं पुस्तकसुद्धा खरेदीखत तपासावं तसं वाचतात. पेन्सिल कानावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पानापानाला एकच प्रश्न : "हे लेखी हाय का?"

अण्णा चाळीस वर्षं तुळजापूरला दस्तलेखक होते. लोकांच्या जमिनी, वाटण्या, बक्षीसपत्रं लिहून लिहून त्यांच्या जिभेलाही तेच वळण लागलं. चहा घेणार का विचारलं तर म्हणणार, "आपली हरकत नसंल तर आमचीबी न्हाय." भाजीवाली म्हणाली, वांगी कोवळी आहेत, की हे विचारणार, "तशी हमी देता का?" एकदा शेजारच्या लग्नाची पत्रिका वाचून त्यांनी नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं, कारण पत्रिकेत मंडपाची चतुःसीमा दिलेली नव्हती. आमच्या अणदुरात त्यांच्यावर कुणी चिडत नाही. घाईत असलेला माणूस त्यांना बघून गल्ली बदलतो, एवढंच. मला ती सोय नाही. मी गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल, आणि राहायला त्यांच्या घरापासून चौथ्या दारात.

मागच्या उन्हाळ्यात ते वाचनालयात आले आणि म्हणाले, "ग्रंथपाल, हसायचं काय तर द्या." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग त्यांनी खुलासा केला. त्यांची एकुलती एक मुलगी सुषमा दोन वर्षांपासून जर्मनीत नर्स आहे. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो.

"पर दोन मिन्टात संपतोय बघा. जेवलीस का, जेवलात का, गोळी घेतली का. मग दोगंबी गप. म्हटलं, तिला काय तर वाचून दाखवावं."

मी एक जुनी विनोदी कादंबरी काढून दिली. एका पिठाच्या गिरणीचा पट्टा उलटा बसतो आणि गिरणीवाला गिरणीसकट तीनशे वर्षं मागं जातो, अशी ती गोष्ट.

तिसऱ्याच दिवशी अण्णा हरकत घेऊन हजर. "ह्यो गडी मागं गेला. पर परतीचं काय ठरलं? लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण?"

"अण्णा, गंमत आहे ती."

"कसली गंमत? आपला खंडोबा अणदूरहून नळदुर्गाला मुक्कामाला जातो, तवा करार व्हतो का न्हाय? देव हाय त्यो! तरीबी जाणार कवा, परत येणार कवा, समदं कागदावर. आन ह्यो लोकांची दळणं टाकून तसाच गेला!"

त्यांना खरोखर काळजी लागली होती. पण पुस्तक त्यांना आवडलं होतं, हेही खरं. राजाचे शिपाई ज्वारीची पोती घेऊन येतात तेव्हा गिरणीवाला राजालाच रांगेत उभं करतो, हा प्रसंग सांगताना ते इतके हसले की चष्मा टेबलाखाली गेला. "राजाला म्हणतो, पोत्यावर नाव टाका, नायतर अदलाबदल व्हईल!"

पुस्तकात वीस प्रकरणं होती आणि अण्णा फोनवर दर रविवारी एकच वाचून दाखवत. पुस्तकाची मुदत ते न चुकता वाढवून नेत. शेवटच्या प्रकरणात गिरणीवाला घरी पोचतो. दळणाचे डबे अजून रांगेत तसेच असतात. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी पुस्तक परत केलं. "पोचला की हो शेवटी घरी," मी म्हणालो. "पोचला," ते म्हणाले आणि काहीही हरकत न घेता निघून गेले. दुसरं पुस्तकही नेलं नाही. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण कामाच्या नादात मी विसरलो.

अडीच महिन्यांनी तसलंच एक नवं पुस्तक आलं, ते द्यायला मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवरून आवाज येत होता : "सबब सदर गिरणीवाला राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, सुलतानाच्या हत्तीवर बसला. सदर हत्तीची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस सोंड, पश्चिमेस शेपूट, उत्तरेस व दक्षिणेस प्रत्येकी एक कान."

फोनमधून सुषमाचं खळखळून हसणं ऐकू आलं. "अण्णा, मग पुढं?"

"फुडचं फुडच्या ऐतवारी. तू झोप आता. रातपाळी करून आलीस."

फोन ठेवला आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी घाईघाईने दोन्ही हात समोरच्या कागदांवर ठेवले. दस्ताचा हिरवा लेजर पेपर, डावीकडे व्यवस्थित समास सोडलेला, खाली त्यांचं मोत्यासारखं अक्षर. पुस्तक कुठंच नव्हतं.

"बोभाटा करू नका," ते हळूच म्हणाले. "गिरणीवाला घरी पोचला त्या दिवशी पोरगी म्हणाली, संपलं व्हय? आन गप झाली. म्याबी गप. मग तोंडातून गेलं, न्हाय गं, दुसरा भाग हाय. आता समदं म्याच लिवतोय. एकतिसावं प्रकरण झालं आज."

"मग आणा की त्याला आता घरी."

"कसा आणू?" अण्णांनी चष्मा काढला. "त्यो घरी आला की फोन पुन्ना दोन मिन्टाचा."

मी त्यांच्याशेजारी टेकलो. विचारलं, "सुषमानं मूळ पुस्तक वाचलेलं नाही ना?"

"न्हाय म्हणाली. वाचलं असतं तर माझी चोरी पहिल्याच दिवशी सापडली असती." मग कागद माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "तुमी वाचणारे. सांगा, आता ह्याला कुठं धाडू?" तासभर बसून आम्ही गिरणीवाल्याला हत्तीवरून उतरवलं आणि जहाजात बसवलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडल्यावर मी ते जुनं पुस्तक कपाटातून काढलं. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात त्याचं कार्ड होतं. पुस्तक दिलं की कार्ड आमच्याकडे राहतं, त्यामुळे वाचकाला ते दिसत नाही. अण्णांना पुस्तक देताना मीही घाईत शेवटच्या ओळीत त्यांचं नाव लिहून मोकळा झालो होतो आणि मुदत वाढवताना त्यापुढं नुसती तारीख टाकत गेलो होतो. आता वरच्या ओळी वाचल्या. अण्णांच्या वर, काही वर्षांपूर्वीच्या तारखांपुढे, एकच नाव दोनदा होतं. सुषमा. कॉलेजात असताना तिनं हे पुस्तक एकदा नेलं होतं, आणि वर्षभराने पुन्हा नेलं होतं.

गिरणीवाला विसाव्या प्रकरणात घरी पोचतो, हे पोरीला पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं. आणि तरी ती विचारत होती, अण्णा, मग पुढं?

मी ते कार्ड ड्रॉवरच्या तळाशी ठेवलं, कुलूप लावलं आणि त्या पुस्तकासाठी नवं कोरं कार्ड करायला घेतलं.